गाडी दोन इंच उचलली, शॉक मात्र जुनेच

आज सकाळी मामा आणि मी पिकअप घेऊन इंदूरच्या देवास नाक्यावर गेलो. पावसाळ्याआधी गाडी दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मिमी उचलून, म्हणजे कायमची उंच करून घेतली होती. पण त्या गॅरेजवाल्यांनी शॉक, म्हणजे चाकांजवळचे धक्के शोषणारे तेलाचे दांडे, जुनेच परत लावून दिले. तेव्हापासून भेरूघाटाकडे जाताना चाक खड्ड्यात उतरलं की मागून ‘ठक्’! शॉक पूर्ण ताणला जाऊन आपटत होता. खूप राग आला. असं होत राहिलं तर सील जातं, तेल गळतं, आणि आमच्या गाडीत माणसं बसतात.

आजच्या मिस्त्रींनी शॉक सोडले, चॅसीला जॅक लावून चाकं लोंबकळू दिली, ब्रेकचा पाइप ताणत नाही ना ते पाहिलं आणि शॉकच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर टेपनं मोजलं. मग चाक वर येऊन बंप स्टॉपला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकल्यावरचं. नवा शॉक उघडल्यावर पहिल्या मापाहून लांब हवा, मिटल्यावर दुसऱ्याहून आखूड. गाडी किती उचलली एवढंच सांगून शॉक मागू नका.

मला मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉक हवा होता, त्यातली उष्णता लवकर बाहेर जाते. मामा म्हणाले, “अरे, त्याच्या नळीला दगडाचा पोचा बसला की पिस्टन अडकतो. घाटात दगड उडणारच.” पटलं. गॅसचे ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेले घेतले.

शॉक किती मिटतो ते कळावं म्हणून मिस्त्रींनी त्याच्या दांड्याला प्लॅस्टिकची केबल टाय बांधून दिली; शॉक मिटला की ती वर सरकते. सिमरोलपर्यंत जाऊन आलो, वाकून पाहिलं. टाय वरच्या टोकाच्या तीन बोटं खाली थांबली होती, म्हणजे शॉक पूर्ण मिटून आपटला नव्हता.