लीडरचे सहा तुकडे

डबीवर 'प्रोसेस सी-४१', म्हणजे कलर फिल्म धुण्याची पद्धत, छापलेलं दिसलं की कलर लॅबमध्ये पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. लीडर, म्हणजे फिल्मचं सुरुवातीचं टोक, बाहेर काढायचा, फिल्मला मशीनमधून ओढून नेणाऱ्या लीडर कार्डाला चिकटवायचा आणि रोल मशीनमध्ये सोडायचा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या लॅबमध्येही हेच चालतं. पण मे महिन्यातल्या त्या दुपारी काउंटरवर आलेले सहा रोल मी मशीनपर्यंत नेलेच नाहीत.

आणणारा मुलगा विशीतला, आजोबांचा जुना मॅन्युअल कॅमेरा गळ्यात. "काका, हे ब्लॅक अँड व्हाइट आहेत, पण धुवायचे कलरच्या केमिकलमध्ये. विकणाऱ्याने तसंच सांगितलंय." ऑनलाइन कुणाकडून तरी घेतलेली दहा बिनब्रँड रोलांची पिशवी. स्वस्त मिळाली म्हणून घेतली. त्यातल्या सहा रोलांवर त्याने आजीचं सहस्रचंद्रदर्शन टिपलं होतं.

असे रोल असतात, विकणारा अगदीच थाप मारत नव्हता. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं. सी-४१ पद्धतीत, जी कोडॅकने १९७२ मध्ये आणली, डेव्हलपर चांदी काळी करतो आणि ते होत असतानाच फिल्ममधल्या कपलर नावाच्या रसायनापासून रंग तयार होतो. मग ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात, मागे राहतो फक्त रंग. हीच युक्ती वापरून कंपन्यांनी कलर लॅबमध्ये धुता येणारे ब्लॅक अँड व्हाइट रोल काढले. इल्फर्डचा एक्सपी२ आजही मिळतो. कोडॅकचा बीडब्ल्यू४००सीएन २०१४ मध्ये बंद झाला. परदेशात दुकानांच्या स्वतःच्या नावानेही असे रोल विकले जायचे. म्हणजे आज बिननावाचा असा रोल स्वस्तात मिळाला, तर तो बहुधा जुना साठा असतो. नाहीतर कुणीतरी घरी भरलेला असतो, आणि खरी भीती तिथेच आहे.

घरी भरणारा माणूस शंभर फुटांची गुंडाळी आणतो, त्यातून छत्तीस फोटोंचे अठराएक रोल निघतात. रिकाम्या डब्या तो लॅबमधून नेतो. आमच्याकडूनही लोक नेतात. त्या डबीवर सी-४१ छापलेलं असतं ते आधीच्या, धुऊन झालेल्या कलर रोलचं. आत नवी भरलेली फिल्म चांदीची असू शकते. ती कलर मशीनमध्ये गेली की ब्लीच-फिक्सर चित्रासकट सगळी चांदी नेतात आणि दुसऱ्या टोकाला काचेसारखी कोरी पट्टी बाहेर येते. त्यावर नंतर काहीही इलाज नाही.

सहाही डब्यांवर एकसारखा पांढरा स्टिकर होता. मी सहाही लीडर बाहेर काढून काउंटरवर ओळीने ठेवले. चार लीडरांचं टोक कारखान्यातलं, साच्यातून कापलेलं, वळण गुळगुळीत. उरलेल्या दोघांचं कात्रीने तिरकं कापलेलं, आणि एकाचा काप तर थेट काठाच्या भोकातून गेलेला. मुलाला बोट ठेवून दाखवलं. "पण पिशवी तर एकच होती ना, काका?" तो म्हणाला.

प्रत्येक लीडरचा नखाएवढा तुकडा कापला. लीडरला उजेड लागलेलाच असतो, त्यामुळे हे काम दिव्याखाली होतं. कलर डेव्हलपर ३८ अंशांवर आणला, सव्वातीन मिनिटांत सहाही तुकडे काळे झाले. इथवर फरक दिसत नाही, कारण चांदी सगळ्यांमध्येच असते. मग ब्लीच, मग फिक्सर. मुलगा ट्रेवर वाकून बघत होता. चार तुकडे गडदच राहिले. दोन हळूहळू फिके होत गेले आणि फिक्सरमध्ये असे स्वच्छ झाले की त्यांच्यातून ट्रेचा तळ दिसू लागला. दोन्ही कात्रीच्या कापाचे.

त्याने खिशातली वही काढली. कुठल्या रोलवर काय, ते त्याने नीट लिहून ठेवलं होतं, आणि त्याची ही सवय मला फार आवडली. पाचवा आणि सहावा रोल. ओवाळणं त्यावरच होतं.

चार रोल मशीनमध्ये सोडले. बाकीचे दोन हाताने धुवायचे होते. बडोद्याच्या मे महिन्यात ३८ अंशांची काळजी नसते, पण डी-७६ या ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरला हवं वीस अंशांचं पाणी, आणि दुपारी आमच्या नळाला हात भाजतो. बर्फ मागवला, टबमध्ये बाटल्या बुडवून ठेवल्या. फिल्म कुठली ते ठाऊक नाही, म्हणजे वेळही ठाऊक नाही. मुलाला विचारलं, "पाचव्याच्या सुरुवातीला काय आहे?" "दारातली रांगोळी." मग ती गेली तरी चालेल, असं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगमध्ये तेवढाच तुकडा कापून आधी धुतला. चित्र जरा पातळ, म्हणजे फिकं आलं. त्या अंदाजाने वेळ वाढवून दोन्ही रोल टाकीत घातले.

ओली फिल्म वर धरली तेव्हा काठावरचे आकडे मधूनच सुरू झालेले दिसले. गुंडाळीतून कापल्याची ती खूण. आणि त्यांच्यामध्ये आजी, पाटावर बसलेली, समोर दिव्यांचं ताट. निगेटिव्हमध्ये दिवे काळे आणि नऊवारीचा काठ उजळ. मुलाने फोन काढून तिथूनच आईला लावला.

मशीनमधून आलेले चार रोलही ठीक होते. बेस नारिंगी, काठावर कोडॅकचं नाव. मुदत कधीच संपल्यामुळे दाणा जाड आणि सावल्यांमध्ये धूसरपणा, पण माणसं ओळखू येत होती.

त्याच विकणाऱ्याकडून आणखी घ्यायचे का, असं त्याने जाताना विचारलं. मी म्हटलं, घे, पण फिल्मचं मूळ नाव, मुदतीचं साल आणि रोल कारखान्यात भरलेला की हाताने, हे आधी लेखी विचार. उत्तर आलं नाही तर त्यावर घरचं कार्य काढू नकोस. आणि कुठलाही रोल संशयाचा वाटला तर ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्येच धुवून घे. एक्सपी२ सारख्या फिल्मवरही त्यात चित्र येतं, जरा कमी देखणं येईल, पण येतं. उलट चांदीची फिल्म कलरमध्ये घातली तर हाती काहीच लागत नाही.

उरलेले चार कोरे रोल त्याने पिशवीतून काढून पुढे ठेवले. त्यांच्याही लीडरचे तुकडे कापून तपासले. तीन कलरच्या केमिकलमध्ये धुवायचे निघाले, एक चांदीचा. डब्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत तसं लिहून ते त्याला परत दिले.