फोरामेन ओव्हेलच्या शेजारचं बारकं भोक

शनिवार, संध्याकाळ

आज पुन्हा कवटीचा तळ: त्यातली भोकं आणि हाडाच्या पट्ट्या बघून नोंदवायच्या. उलटी कवटी कापडाच्या चुंबळीवर ठेवली की डगमगत नाही. लॅटरल टेरिगॉइड प्लेटच्या (तळाला असलेला हाडाचा पातळ उभा पत्रा) मुळाशी, मागे, फोरामेन ओव्हेल हे लंबगोल भोक लगेच सापडतं: साधारण 7 मिमी लांब, 4 मिमी रुंद. त्याच्या मागे, बाहेरच्या अंगाला फोरामेन स्पायनोसम, हे त्याहून लहान भोक. डोळे ताणावे लागतात ते ओव्हेलच्या पुढे, आतल्या अंगाला. तिथे काही कवट्यांत जेमतेम 1 मिमीचं भोक असतं, फोरामेन व्हेसालियस. कॅव्हर्नस सायनसची (कवटीच्या आतली शिरांच्या रक्ताची पोकळी) एक बारीक शीर त्यातून खाली उतरते. डावीकडे आहे म्हणून उजवीकडे असेलच असं नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंची नोंद वेगळी.

खळगा दिसला की भोक लिहून मोकळं होण्याची घाई नडते. ब्रशचा ताठ केस घालून तो कवटीच्या आत निघतो का, ते बघायचं. तार नकोच. काठ इतके पातळ असतात की तार स्वतःच वाट पाडते, आणि ती चूक नंतर ओळखूही येत नाही. ओव्हेल आणि स्पायनोसमच्या मध्ये भोक असेल, तर ते लेसर पेट्रोझल या बारीक मज्जातंतूचं. ते व्हेसालियसमध्ये धरू नये.

लॅटरल टेरिगॉइड प्लेटपासून मागे जाणारा अस्थिबंध (लिगामेंट) पूर्ण हाड होऊन तयार झालेली पट्टी मात्र खरोखर दुर्मिळ. स्पायनोसमच्या आतल्या बाजूने गेली तर टेरिगोस्पायनस, बाहेरून गेली तर टेरिगोअलार. अर्धवट पट्टीचं टोक भिंगाखाली गुळगुळीत, गोलसर दिसतं. खडबडीत, जाळीदार टोक म्हणजे पट्टी नंतर मोडली आहे. हा फरक न बघता 'अपूर्ण' लिहिलं की सगळी मोजदाद बिघडते.

हे जपून लिहायचं ते चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल वेदनेच्या रुग्णांसाठी. ट्रायजेमिनल हा चेहऱ्याचा मज्जातंतू, आणि त्याची एक शाखा ओव्हेलमधून जाते, म्हणून उपचाराची सुई तिथे न्यावी लागते. ओठाच्या कोपऱ्यापासून सुमारे 2.5 सेमी बाहेर गालातून सुई शिरते आणि एक्स-रेवर बघत ओव्हेलपर्यंत नेली जाते. वाटेत पट्टी आडवी असेल तर सुई हाडावर अडते. कोन बदलत राहिलं तर सूज आणि रक्तस्राव वाढतो. व्हेसालियसमध्ये घुसली तर थेट कॅव्हर्नस सायनसला इजा होऊ शकते. म्हणून आधी 1 मिमी किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी हवा, आणि रिपोर्टमध्ये पट्टी कोणत्या बाजूला, पूर्ण की अपूर्ण, ओव्हेलचा किती भाग झाकते, हे स्पष्ट यायला हवं.