चौथी सीट

दुपारची कल्याण स्लो लोकल. घाटकोपरला चढले. गर्दी बेताचीच, पण बसायला नाही. तोंडातून आपसूक निघालं, "कुठे?" खिडकीतली म्हणाली, "मुलुंड." "कोणाला सांगितलीय?" म्हणजे तिची जागा आधीच कुणी मागून ठेवली नाही ना. तिने नकारार्थी मान हलवली आणि मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

उभं असताना माणूस किती थोडक्यात भागवायला तयार असतो! तिघींच्या बाकावरची चौथी सीटही चालते. अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर, उभ्या बाईची पर्स दर धक्क्याला कानावर. तरी "जरा सरका ना" म्हणून मिळवलेली ती चार बोटं जागा म्हणजे स्वर्ग. भांडुप येईपर्यंत. मग डोळा तिसरीवर, तिथून खिडकीवर, आणि खिडकीही वाऱ्याकडचीच हवी. उलट्या खिडकीत बसून समोरचीचे उडणारे केस बघत मी मनातून जळलेली आहे.

लहानपणी डोंबिवलीला आजोळी जाताना खिडकीवरून दादरपासूनच भांडण जुंपायचं. आईने वाटणी ठरवली होती, ठाण्यापर्यंत भाऊ, पुढे मी. म्हणजे पारसिकचा बोगदा माझा! भाऊ यावरूनच रडायचा. 1916 सालचा तो बोगदा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब. आत शिरलं की खिडकीबाहेर नुसता काळोख, ओल्या दगडाचा वास आणि डब्याडब्यांतून पोरांची आरोळी. दिसायचं काहीच नाही, पण त्या काहीच नाहीसाठी आम्ही एकमेकांना चिमटे काढायचो.

2022 मध्ये नवे रूळ आले तशा फास्ट लोकल मुंब्र्यावरून वळवल्या, बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. हळहळ वाटली. रोज त्यातून ऑफिसला जात होते तेव्हा मोबाइलवरून मान वर केली नव्हती, ते सोडा.

एक मात्र मला अजिबात सहन होत नाही. खिडकी मिळवायची आणि शटर ओढून घोरायचं. अहो, मग आम्हाला तरी द्या! एकदा अशाच एका बाईंना मी खोचकपणे विचारलंही. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "पहाटे चारला उठून तीन डबे भरते हो. इथे डोकं टेकायला भिंत असते."

यावर काय बोलणार? खिडकीला भिंतही असते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तरी शटर तेवढं उघडं ठेवायला काय हरकत आहे?