रिव्हेटभोवती उचलणारं व्हायनल

ट्रेलरवर लावलेलं ग्राफिक पहिल्या दिवशी झकासच दिसतं. दोन आठवड्यांनी तिरप्या उन्हात पाहा. पत्रा पक्का करणाऱ्या रिव्हेटभोवती व्हायनलची, म्हणजे गोंद लावलेल्या प्लास्टिक फिल्मची, बारीक कडी उचललेली असते आणि तिच्यात धूळ शिरून काळं वर्तुळ झालेलं असतं. दोष गोंदाला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक ताणाची असते. फिल्म रिव्हेटवर ओढून दाबलेली असते, तो ताण उष्णतेने घालवलेला नसतो. मग ती पुन्हा सपाट व्हायला बघते आणि रिव्हेटच्या पायथ्याच्या गोल खाचेतून सुटते, कारण तिथली पकड सगळ्यात कमजोर.

म्हणून पहिला प्रश्न फिल्मचा. कॅलेंडर्ड व्हायनल रोलरमधून दाबत, ओढत बनतं. ती ओढ त्याच्या अंगात राहते आणि गरम झालं की ते आखडतं. जाडीही साधारण 75 ते 100 मायक्रॉन. कास्ट व्हायनल द्रवरूपात पातळ ओतून भट्टीत सुकवतात, जाडी सुमारे 50 मायक्रॉन; त्यात ओढ जवळजवळ नसते. रिव्हेट असतील तिथे कास्टच घ्या आणि लॅमिनेशन, म्हणजे छपाईवरचा पारदर्शक थर, तेही कास्टच. खाली महागडं कास्ट आणि वर स्वस्त कॅलेंडर्ड लॅमिनेट ही काटकसर हमखास अंगाशी येते: वरचा थर आखडतो आणि खालच्याला घेऊन उठतो. सॉल्व्हेंट शाईची छपाई असेल तर लॅमिनेट करण्याआधी किमान 24 तास मोकळी सुकू द्या. आत अडकलेलं सॉल्व्हेंट गोंद मऊ करतं, आणि असं ग्राफिक रिव्हेटवर कितीही नीट बसवलं तरी टिकत नाही.

धुताना पत्रा स्वच्छ होतो, रिव्हेट मात्र राहून जातात. डिटर्जंटने धुऊन ट्रेलर पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी 70:30 प्रमाणात घेऊन पुसा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. प्रत्येक रिव्हेटच्या बुडाशी फडकं बोटाने फिरवा. मेण, ग्रीस, जुना सिलिकॉन तिथेच दडलेला असतो. सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. रिव्हेटखालून काळपट ओघळ आलेला दिसला तर तो रिव्हेट सैल आहे, पत्र्यावर घासतोय. आधी तो बदला. हलणाऱ्या डोक्यावर फिल्म फाटणारच.

पाण्याचा फवारा मारून ओलं लावायची सवय इथे सोडा. रिव्हेटभोवती अडकलेलं पाणी बाहेर काढायला वाटच नसते.

लावताना रिव्हेटच्या नादी लागू नका. आधी सपाट भाग स्क्वीजीने, म्हणजे फिल्म दाबायच्या पट्टीने, बसवा. रिव्हेटच्या रांगेजवळ आलात की जोर कमी करा आणि फिल्म डोक्यावर तंबूसारखी सैल राहू द्या. स्क्वीजी थेट डोक्यावरून ओढली की फिल्म एका बाजूला ताणली जाते, दुसऱ्या बाजूला सुरकुती येते. कापीव अक्षरांवर ॲप्लिकेशन टेप (अक्षरं उचलून लावायची कागदी टेप) असेल तर तीही आता काढा. कागद अंगावर असताना फिल्म रिव्हेटवर वळत नाही.

आता रिव्हेट. तंबूच्या कडेला, म्हणजे डोक्यापासून थोडं दूर, बारीक टाचणीने दोन-तीन भोकं पाडा. माथ्यावर नको, तिथे फिल्म सगळ्यात जास्त ताणली जाते आणि भोक चिरत जातं. ब्लेडने काप तर मुळीच देऊ नका. हीट गनने फिल्म मऊ करा; ती किंचित लवली, चमक बदलली की गन बाजूला आणि लगेच रिव्हेट ब्रश. कडक, आखूड केसांचा हा गोल ब्रश बाहेरून आत गोल फिरवत हवा भोकांकडे ढकला, मग पायथ्याशी जोर देऊन दोन-तीन फेरे मारा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं, कारण ॲल्युमिनियम उष्णता भराभर खेचून घेतं आणि थंड फिल्मवर ब्रश फिरवला तर ती नुसतीच ताणली जाते. एका हातात गन, दुसऱ्यात ब्रश, एका वेळी एकच रिव्हेट. पाच-सहा रिव्हेट एकदम तापवून मग ब्रश घेणाऱ्याच्या वाट्याला निम्मे थंड येतात.

माथ्यावर रंग पांढुरका झाला तर फिल्म थंड असताना ताणली गेली. चकाकून पातळ झाली तर जास्त तापली. गॅसच्या टॉर्चने काम वेगाने होतं, पण डाग पडायला एक क्षण पुरतो.

सगळे रिव्हेट बसले की दुसरी फेरी, आणि हीच सर्रास टाळली जाते. प्रत्येक डोकं आणि भोवतालची कडी पुन्हा तापवा, अनेक कास्ट फिल्मसाठी साधारण 95 ते 105 अंश सेल्सिअसपर्यंत. नेमका आकडा त्या फिल्मच्या माहितीपत्रकात असतो. इथेच ताण मोडतो. तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने फिल्मवरच मोजा, उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचा आकडा दाखवतो. वेळ आधीच धरून ठेवा: समजा एका बाजूला 1200 रिव्हेट आहेत आणि प्रत्येकाला 10 सेकंद लागतात, तर नुसत्या पहिल्या फेरीलाच 3 तास 20 मिनिटं.

जोड देताना मागच्या टोकापासून पुढे आणि खालून वर या, म्हणजे वारा आणि पाणी उघड्या कडेत घुसत नाहीत. सुमारे 12 मिलिमीटर ओव्हरलॅप पुरे, आणि तो रिव्हेटच्या रांगेवर येऊ देऊ नका. दोन पत्र्यांच्या सांध्यावरून फिल्म सलग नेऊ नका. पत्रे हलतात, फिल्म फाटते. सांध्यावर कापून दोन्ही कडा गरम करून दाबा. डोकं फार मोठं असेल किंवा बोल्ट असेल तर त्याच्याभोवती गोल कापून तो उघडाच ठेवलेला बरा.

24 तासांनी टॉर्चचा उजेड पत्र्याला समांतर टाकून रांगा तपासा. उचललेली कडी त्याच वेळी तापवून ब्रशने बसते. धूळ शिरल्यावर नाही. प्रेशर वॉशर निदान तीन दिवस दूर ठेवा. नंतरही नळी 30 सेंटिमीटरपेक्षा जवळ नेऊ नका आणि फवारा सरळ समोरून मारा. तिरपा फवारा कडेखाली शिरतो.