आमची वाटचाल : नव्वद हजारांची पावती

आमचा छापखाना १९९४ साली एका जुन्या ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, सुरू झाला. मी आणि माझा भागीदार, दोघंच. तो जुळारी होता, म्हणजे खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून ओळी लावणारा, आणि त्याच्यासारखा जुळारी मला नंतर भेटला नाही. अक्षरांच्या खणांच्या पेटीकडे, म्हणजे केसकडे, न बघता त्याचा हात नेमका त्या खणात जायचा. ओळ भरली की नुसत्या अंगठ्याच्या दाबावरून तो सांगायचा, सैल आहे की बसली. मी पायडल मारायचो, कागद लावायचो, संध्याकाळी रोलर धुवायचो. हँडबिलं, पत्रिका असं सगळंच छापलं, पण घर चाललं ते बिलबुकांवर आणि पावतीबुकांवर. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं तेव्हा खिळे किलोच्या भावानं विकावे लागले. भागीदार आपला हिशेब घेऊन बाजूला झाला, भांडण नाही की काही नाही. जाताना स्वतःच्या पैशांनी घेतलेलं पावत्यांवर ओळीनं नंबर पाडणारं सहा आकड्यांचं नंबरिंग मशीन त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुझ्याकडेच राहू दे, मला घरी काय करायचंय."

ते मशीन आजही चालतं. छपाई ऑफसेटवर, म्हणजे प्लेटांवरून छापणाऱ्या यंत्रावर, गेली, तरी नंबरिंग आणि परफोरेशन (पावती फाडायची भोकांची रेघ) मी ट्रेडलवरच करतो. दर छापाला दांडी दाबली जाते, आकडा एकानं सरकतो. तेल सुकलं की चाक अडकतं आणि एकच नंबर दोनदा पडतो, म्हणून दर आठवड्याला घासलेटमध्ये बुडवून, ब्रशनं एकेक चाक फिरवून ते साफ करावं लागतं. आमच्या मशीनच्या चारची एक कड उडालेली आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत छापलेलं कुठलंही बिल समोर ठेवा, त्यात चार असेल तर ते आमचं आहे की नाही हे मी लगेच सांगेन. हे इतकं सविस्तर लिहितोय, कारण पुढे सगळं याच ज्ञानावर निभावलं.

२००७ साली मी सेकंडहँड सिंगल कलर ऑफसेट घेतलं. त्यासाठी एका बँकेकडून साडेचार लाखांचं कर्ज काढलं, मशीन तारण. दोन वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग एका मोठ्या गिऱ्हाईकानं तीन लाखांचं काम करून घेतलं आणि पैसे दिले नाहीत. कागद माझा, प्लेटा माझ्या, बाइंडिंगची मजुरी मी दिलेली. ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. हप्ते थकले, नव्वद दिवस उलटले आणि खातं एनपीए झालं, म्हणजे बँकेनं ते थकीत, अनुत्पादक खात्यांत टाकलं. २०११ साली बँकेनं एकरकमी तडजोड देऊ केली. येणं तीन लाख दहा हजार होतं, ते दोन लाख चाळीस हजारांवर मिटवायचं, तीन टप्प्यांत. पंचाहत्तर, पंचाहत्तर आणि शेवटी नव्वद हजार. बायकोच्या बांगड्या मोडून शेवटचे नव्वद हजार मी जून २०११ मध्ये काउंटरवर रोख भरले. त्या दिवशी दिवाणजी माझ्याबरोबर होते.

दिवाणजी म्हणजे एका घाऊक पेढीचे जुने हिशेबनीस. माझं पहिलं बिलबुक त्यांनी घेतलं आणि आजही पेढीची बुकं आमच्याकडेच होतात, पन्नास पानी, दोन प्रती, वरची पांढरी, खालची गुलाबी. दुसऱ्यानं रिमामागे कमी भाव दिला तरी ते हलले नाहीत. बँकेतून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "नो ड्यूज कुठाय?" म्हणजे आता काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र. आतला माणूस म्हणाला होता की ते मुख्य कार्यालयातून येईल. दिवाणजी म्हणाले, "अरे, कागद हातात पडल्याशिवाय कर्ज फिटत नाही." मी दोन वेळा शाखेत जाऊन आलो, मग कामाच्या रगाड्यात विसरलो. ही चूक माझी, ती मी कबूल करतो. ज्याच्या डोक्यावर आज कर्ज आहे त्यानं शेवटचा हप्ता भरला की नो ड्यूजसाठी त्याच काउंटरवर लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

२०१२ ते २०२१ लिहिण्यासारखं फारसं नाही. काम होतं, पगार वेळेवर झाले, मुलगा धंद्यात आला.

सप्टेंबर २०२२ मध्ये रात्री नऊ-सव्वानऊला फोन आला. "तुमच्या नावावर सात लाख शहाऐंशी हजार थकीत आहेत." मला वाटलं चुकीचा नंबर लागला. मग त्यानं माझं पूर्ण नाव, जुना पत्ता, मशीनचं वर्णन, सगळं वाचून दाखवलं. आमची ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, खाती इकडची तिकडे गेली होती, आणि आमची फाइल वसुली एजन्सीच्या हातात पडली होती.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. दिवसाला पंधरा-वीस फोन. सुनेच्या माहेरी फोन केला. ज्या शाळेच्या फीपावत्या आम्ही छापतो तिथल्या क्लार्कला फोन करून सांगितलं की हा माणूस कर्जबुडव्या आहे. ते काम पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलं. दोघं जण दुकानात आले, कटिंग मशीनला टेकून उभे राहिले आणि गिऱ्हाइकांसमोर मोठमोठ्यानं बोलू लागले. माझ्या मुलानं त्यांच्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं. एकाकडे नुसतं व्हिजिटिंग कार्ड होतं. मुलाचं डोकं माझ्यापेक्षा थंड, त्यानं शांतपणे त्या कार्डाचा फोटो काढला.

तेव्हा मला नियम माहीत नव्हते, नंतर पाठ झाले. रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच सांगून ठेवलंय की वसुली एजंटाकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र हवं, त्याचं प्रशिक्षण झालेलं हवं, आणि कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत एरवी ती फाइल एजंटाकडे पाठवायची नाही. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तर स्पष्ट होतं की थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत बदनामी नाही, घरच्यांना, मित्रांना, संदर्भ म्हणून नाव दिलेल्यांना त्रास नाही. माझ्या बाबतीत यातला एकही नियम पाळला गेला नव्हता, आणि परिपत्रक येऊन जेमतेम महिना झाला होता.

एके दिवशी त्यातला वयानं मोठा एकटाच आला. गोड बोलला. "काका, पाच हजार भरा आणि या पत्रावर सही करा. वर दाखवायला होतं, मग तुम्हाला कोणी छळणार नाही." पत्रात चार ओळी होत्या : माझ्याकडे थकीत असलेली रक्कम मी सहा महिन्यांत भरीन. मी इतका थकलो होतो की पेन हातात घेतलं होतं. दिवाणजी नेमके बिलबुकांचं प्रूफ बघायला आले होते, स्टुलावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. ते उठले, माझ्या हातातलं पेन काढून आपल्या खिशाला लावलं आणि त्या माणसाला म्हणाले, "हे पत्र आमच्याकडे ठेवून जा, वकिलाला दाखवतो." त्यानं पत्र ठेवलं नाही. घडी घालून घेऊन गेला.

त्या पत्रात काय होतं ते वकिलानं समजावलं. १९६३ च्या मुदत कायद्यानं अशा पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली तर ती नव्यानं सुरू होते. मुदत संपल्यावर साधी कबुली किंवा थोडी रक्कम भरल्यानं मेलेला दावा उठत नाही, पण जुनं कर्ज फेडीन असं सही करून लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ खाली तो नवा करार होतो आणि त्यावर दावा लागतो. म्हणजे माझी एक सही आणि अकरा वर्षांपूर्वी मिटलेली गोष्ट पुन्हा जिवंत. जुन्या वादातल्या कर्जाबद्दल तोंडी, लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर, कुठेही "भरतो", "बघतो", "थोडी सवलत द्या" असं म्हणू नका. मला कर्ज मान्य नाही, कागद दाखवा, एवढंच लिहा.

वकील म्हणाले, तुम्ही घाबरू नका, मुदत कधीच संपलीय, कोर्टात गेले तरी टिकणार नाही. सगळ्यांना वाटलं मी आता निवांत होईन. मला ते पचेना. मुदत संपली म्हणून सुटलेला आणि पैसे फेडून सुटलेला, हे दोघं बाजारात सारखे नसतात. मुदत संपल्यानं दावा जातो, देणं पुसलं जात नाही. सिबिलमध्ये, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, माझं नाव तसंच काळं राहणार होतं. त्याच महिन्यात मुलानं नव्या मशीनसाठी दिलेला कर्जाचा अर्ज त्याच नोंदीमुळे परत आला होता. मला बँकेच्या लेटरहेडवर लिहून हवं होतं की या माणसानं पैसे भरलेत.

माळ्यावरून २०११ ची फाइल काढली. तिन्ही पावत्या सापडल्या, सुतळीत ओवलेल्या. ही सवयही दिवाणजींनीच लावलेली, टाचणी गंजते आणि कागद खाते. मी बँकेला रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पत्र पाठवलं : कर्ज मान्य नाही, तडजोडीप्रमाणे पूर्ण भरलंय, पावत्यांच्या प्रती जोडल्यात, खात्याचा पूर्ण उतारा द्या, एजन्सीला दिलेलं अधिकारपत्र दाखवा. पंधरा दिवसांनी फोनवर उत्तर आलं. पहिल्या दोन रकमा दिसतात, तिसरी दिसत नाही, ती पावती खरी वाटत नाही.

म्हणजे मी छापखानेवाला, मीच छापली असणार. हे त्या माणसानं शब्दांत म्हटलं नाही, पण मला कळलं. आयुष्यात इतका अपमान कधी झाला नव्हता.

त्या रात्री तिन्ही पावत्या मी टेबललॅम्पखाली मांडल्या आणि भिंगातून बघत बसलो. कागद एकाच जातीचा, पिवळट पडलेला. परफोरेशनचे दात तिन्हींचे सारख्या अंतरावर. मग नंबर पाहिले. तिन्ही नंबरांत सात होता आणि तिन्ही सातांच्या पायाला एकाच जागी बारीक खाच होती. पाठीमागून बोट फिरवलं तर आकड्यांचा उठावही तसाच लागत होता. तिन्ही पावत्यांचं नंबरिंग एकाच मशीनवर झालं होतं. ज्या दोन रकमा बँकेला मान्य होत्या, त्यांच्याच जातभाईची ही तिसरी पावती होती. तिघींचे मोठे फोटो काढले, सातांवर लाल गोल केले आणि सोबत एक पानभर लिहिलं. ते पान लिहायला मला तीन दिवस लागले. दिवाणजींनीही शिक्क्याच्या कागदावर लिहून दिलं की पैसे भरताना मी हजर होतो.

मध्येच लोकअदालतीची नोटीस आली. घरचे घाबरले. वकील म्हणाले, जा आणि सांगा, संमतीशिवाय तिथे काहीही होत नाही. मात्र तिथे तडजोडीवर सही केली की तो कोर्टाचा हुकूमनामा होतो आणि त्यावर अपील नसतं. मी गेलो, पावत्या दाखवल्या, सही न करता परत आलो.

बँकेकडे तक्रार करून तीस दिवस उलटले तरी लेखी उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. २०२१ च्या एकात्मिक योजनेखाली ती करता आली, पैसे पडले नाहीत, वकील लागला नाही. फोनच्या नोंदी, कार्डाचा फोटो, पावत्या, सात, सगळं मुलानं चढवलं. एजन्सीचे फोन आठवड्याभरात थांबले.

मार्च २०२३ मध्ये बँकेतून एका बाईंचा फोन आला. नीट बोलल्या. माझे नव्वद हजार सापडले होते. जून २०११ मध्ये ते सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुठल्या खात्याचे ते ठरेपर्यंत पैसे ठेवतात त्या खात्यात, जमा झाले आणि तिथून माझ्या कर्जखात्यात कधी वळलेच नाहीत. त्यामुळे संगणकाच्या हिशेबी तडजोड मोडली, दिलेली सवलत परत चढली आणि अकरा वर्षांचं व्याज त्यावर बसलं. कोणीतरी एक नोंद करायची विसरलं होतं, एवढीच गोष्ट. पंधरा दिवसांत नो ड्यूज आलं आणि क्रेडिट अहवालातली नोंद दुरुस्त झाली. दिलगिरीचा एक शब्द त्या पत्रात नव्हता. शाळेचं काम परत आलं नाही. क्लार्कला मी पत्राची प्रत नेऊन दाखवली, त्यानं ती नीट वाचली, पण कंत्राट तोवर तीन वर्षांसाठी दुसऱ्याला दिलेलं होतं.

सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी २०१७ पासून तो बघितला असता तर हे पाच वर्षं आधी कळलं असतं. आता जानेवारीत मुलगा काढतो आणि मी वाचतो. हल्ली यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची अक्षरं दोन-तीन वर्षांत उडतात. त्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

नो ड्यूज आलं त्या दिवशी मी ते घेऊन आधी पेढीवर गेलो. दिवाणजींनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं, खालचा शिक्का उजेडात धरून पाहिला. मग खणातून दाभण काढून कोपऱ्यात भोक पाडलं, तिन्ही पावत्यांच्या सुतळीतच ते ओवलं आणि गाठ मारून माझ्या हातात दिलं.

"आता माझी बुकं कधी देतोस?" त्यांनी विचारलं. चाळीस बुकं होती, नंबर पुढे चालू ठेवायचे होते. मी शनिवारी पोचवली.