दोन ओळींनी घेतलेला दिवस

सकाळपासून एकच तक्रार, आमची मेल पोचत नाहीयेत. मेल सर्व्हरचा लॉग उघडला तर ओळीमागून ओळ ५५०, म्हणजे मेल कायमचं नाकारलं; कारण, पाठवणाऱ्याची पडताळणी फसली. आधी रिव्हर्स डीएनएस बघितलं. सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून नाव, नावावरून पुन्हा तोच आयपी. ते जुळत होतं. मग डोमेनचे टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदी, काढले आणि तिथेच थांबलो. एसपीएफच्या, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या, ओळी दोन! न्यूजलेटरची सेवा जोडताना जुन्या ओळीत भर घालायची सोडून कुणीतरी नवीनच ओळ टाकली होती. डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच चालतो. दोन दिसले की निकाल थेट 'पर्मएरर', म्हणजे कायमची चूक, मग दोन्ही ओळी आपापल्या जागी कितीही बरोबर असोत.

दोन्ही एकत्र केल्या, तर इन्क्लूडमधले (दुसऱ्या सेवेची यादी जोडणाऱ्या भागांतले) इन्क्लूड धरून लुकअप, म्हणजे तपासताना डीएनएसला विचारावे लागणारे प्रश्न, झाले १३. मर्यादा १० ची. बंद पडलेल्या सेवा एकेक करून काढल्या, तेव्हा कुठे ९ वर आले. टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हरांनी नोंद कॅशमध्ये किती सेकंद ठेवायची ते, ३६००; म्हणजे जुनी नोंद कॅशमधून जाईपर्यंत तासभर नुसती वाट.

५५० आलेलं मेल रांगेत थांबत नाही, परतच येतं. परत आलेल्यांत एकाचं नोकरीचं होकारपत्र होतं. त्याला स्वतः फोन करून पुन्हा पाठवायला सांगितलं, आणि लॉगमध्ये २५०, म्हणजे मेल स्वीकारलं, असं दिसेपर्यंत जागचा हललो नाही.