पुटीमधील नऊ शून्ये

सर्व्हरवर दुरून काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातल्या पुटी या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२४ मध्ये उघड झालेला दोष मला आजही अस्वस्थ करतो, कारण त्यात खाजगी की (सर्व्हरला आपली ओळख पटवणारी गुप्त डिजिटल किल्ली) कोणाला चोरावीच लागत नव्हती. त्या कीने केलेल्या डिजिटल सह्यांमधूनच ती गळत होती.

या प्रकारच्या प्रत्येक डिजिटल सहीसाठी तर्काने न ओळखता येणारी एक गुप्त संख्या लागते. पी-५२१ या की-प्रकारात ती ५२१ बिटांची (म्हणजे ५२१ शून्य-एक अंकांची) हवी. पुटी मात्र ती ५१२ बिटांच्या हॅशमधून (माहितीवर गणिती प्रक्रिया करून मिळणाऱ्या ठरावीक लांबीच्या संख्येतून) काढत असे (जुन्या विंडोजमध्ये खात्रीशीर यादृच्छिक संख्या मिळत नसल्याने ही पद्धत आली होती), त्यामुळे पहिले नऊ बिट कायम शून्यच राहत. एवढ्याशा उणिवेमुळे सुमारे ६० सह्या हाती आल्या की संपूर्ण की गणिताने काढता येत होती, हे जर्मनीतील रूर विद्यापीठ, बोखुम येथील संशोधकांनी दाखवून दिले.

०.६८ ते ०.८० या आवृत्त्या सदोष होत्या, ०.८१ मध्ये दुरुस्ती झाली. परंतु नवी आवृत्ती बसवल्याने जुनी की सुरक्षित होत नाही, आणि गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या सार्वजनिक प्रकल्पांत तिने केलेल्या सह्या तर कोणालाही वाचता येतात. म्हणून सदोष पुटीत पी-५२१ की वापरलेल्यांनी ती प्रत्येक सर्व्हरवरून काढून टाकून नवी तयार करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.